घड्याळाच्या स्क्रूएवढ्या गोगलगायी, आणि त्यांच्यासाठी घेतलेल्या वस्तू

घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत शिरलेल्या बारीक गोगलगायींशी झगडायला ज्या वस्तू घेतल्या, त्यांचे गुण आधी सांगून टाकतो. सापळ्याला पाचपैकी शून्य, औषधाच्या बाटलीला दोन, माशाला चार आणि लांब चिमट्याला साडेचार. गोंदाच्या ट्यूबला गुण वेगळे देईन, कारण तिची लढाईच वेगळी होती. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. अशा बाटल्या आणि असे चिमटे बरेच जण बनवतात आणि माझ्या हाती आलेली एक वस्तू कशी निघाली यावरून सगळ्या कंपनीला बोल लावणं बरं नाही.

मी घड्याळं दुरुस्त करतो. दिवसभर डोळ्याला आयग्लास (डोळ्यात धरायचं भिंग) आणि हातात चिमटा. त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरच्या वस्तूशी झगडायला माझ्याइतका तयार माणूस मिळणार नाही, असं मला वाटत होतं. तरी पहिला महिना मी पूर्ण वाया घालवला, आणि तोही नुसता वाया नाही, पाप करून.

टाकी २५० लिटरची, तीन वर्षं जुनी. खाऱ्या पाण्याची घनता १.०२५, तापमान २६ अंश. आत दगड, थोडे मऊ आणि थोडे कडक कोरल (प्रवाळ), क्लाउनफिशची जोडी, शेवाळ खाणाऱ्या सात-आठ मोठ्या टर्बो गोगलगायी, आणि निळ्या काठाचा एक मॅक्सिमा क्लॅम, म्हणजे जिवंत शिंपला. हा क्लॅम म्हणजे टाकीचा जीव. त्याचा मांसल काठ दिव्याखाली असा पसरतो की पाहुणे मासे बघायचे विसरतात. एके दिवशी हा काठ एका बाजूने आत ओढलेला दिसला. दुसऱ्या दिवशीही तसाच. हाताची सावली पडली की क्लॅम चटकन मिटतो. हा मात्र विचार करून मिटल्यासारखा मिटायचा. त्याच आठवड्यात दोन टर्बो काचेवरून गळून वाळूत उलट्या पडलेल्या सापडल्या.

रात्री दिवा लावून बघितलं तर काचेवर बारीक गोगलगायी. शेकड्याने. मी म्हटलं, सापडले चोर.

पुढचे वीस दिवस मी दुकानातला चांगला चिमटा घरी आणून एकेक वेचून काढली आणि गोड्या पाण्याच्या बरणीत टाकली. मोजल्या होत्या, एकशे चाळीस. एकविसाव्या रात्री मुलगी मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाबा, ही तर काच साफ करतेय. तिच्या मागे बघा, रेघ पडलीय."

रेघ पडली होती. हिरवट काचेवर नखाएवढी स्वच्छ रेघ.

त्या होत्या कोलोनिस्टा. दगडांबरोबर आपोआप येणारी, रात्री बाहेर पडणारी, शेवाळ खरवडून खाणारी निरुपद्रवी जात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मी शब्दशः केलं, आणि तेही एकशे चाळीस वेळा. याची भरपाई म्हणून हे सगळं लिहितोय असं समजा. शिवाय माझा चिमटा त्या वीस दिवसांत गंजून गेला तो वेगळाच. घड्याळाचा पोलादी चिमटा आणि खारं पाणी यांचं जमत नाही हे मला कळायला हवं होतं. पाणी गेलेली घड्याळं मी रोज उघडतो.

खरा चोर सापडला तो योगायोगाने. उलटी पडलेली टर्बो सरळ करायला उचलली आणि सवयीने आयग्लास लावून बघितलं. तिच्या शंखाच्या तोंडाशी, जिथे तिचं झाकण बसतं त्या कडेला, अकरा पांढऱ्याशुभ्र, निमुळत्या, पेचदार गोष्टी ओळीने चिकटल्या होत्या. मनगटी घड्याळाच्या पाठीमागचा स्क्रू काढून कोणी पांढरा रंगवावा तशा. ही पिरॅमिडेलिड.

दोघींतला फरक एकदा डोळ्यात बसला की चूक होत नाही. कोलोनिस्टा गोल, जितकी उंच तितकीच रुंद, अंगावर तपकिरी ठिपके किंवा पट्टे, झाकण जाड आणि पांढरं. पिरॅमिडेलिड लांबट सुळका, एकरंगी पांढरी, अंगावर पेचाचे बरेच वेढे. पण रंग-आकारापेक्षा मी एकच सांगेन: ती बसलीय कुठे ते बघा. काचेवर, दगडावर, पंपावर एकेकटी हिंडतेय तर बहुधा मजूर आहे, पोट भरायला निघालीय. दुसऱ्या जिवाच्या शंखाच्या किंवा शिंपल्याच्या कडेला घोळक्याने बसलीय तर ती खायला बसलीय, आणि ताटात तो जीव आहे.

बहुतेक गोगलगायींच्या तोंडात कानशीसारखी दातेरी पट्टी असते, तिने त्या खरवडतात. पिरॅमिडेलिडला ती पट्टीच नाही. तिला लांब सोंड आहे आणि सोंडेच्या टोकाला टोचायची सुई. यजमानाच्या मांसात ती खुपसायची आणि अंगातला रस ओढायचा. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात, इथे पोटातले पाय परवडले. एकटीने क्लॅम मरत नाही. पण प्रत्येक पिरॅमिडेलिड नरही असते आणि मादीही, त्यामुळे दोन आल्या तरी दोघीही अंडी घालणार. अंडी म्हणजे शिंपल्यावर चिकटलेला पारदर्शक चिकट गोळा, नुसत्या डोळ्यांना ओला डाग वाटेल असा. क्लॅमची शेती करणाऱ्यांच्या हौदांत हा जुनाच रोग आहे. लहान पिल्लं यांच्यामुळे मरतात. माझ्या टाकीत त्या कुठून आल्या याचा अंदाज आहे. क्लॅम आणला त्या दिवशी तो मी खालून बघितला नव्हता. विकणाऱ्यानेही नसेल बघितला. दोष अर्धा-अर्धा.

आता वस्तू.

सापळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पारदर्शक नळी, आत खाद्याची गोळी, एका बाजूने आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. खोक्यावर "सर्व उपद्रवी गोगलगायींसाठी" असं लिहिलंय. चार रात्री ठेवला. पहिल्या रात्री तीन नासारियस गोगलगायी अडकल्या, ज्या मी विकत आणल्या होत्या. दुसऱ्या रात्री एक हर्मिट खेकडा. तिसऱ्या आणि चौथ्या रात्री तोच हर्मिट खेकडा. पिरॅमिडेलिड एकही नाही, आणि येणार कशी? जिचं जेवण जिवंत क्लॅम आहे ती माशाच्या खाद्याच्या गोळीसाठी नळीत कशाला शिरेल? वस्तू मोडकी नाही, खोक्यावरचं वाक्य खोटं आहे. ब्रिसलवर्म (केसाळ समुद्री किडे) पकडायला कोणी वापरत असेल तर त्याचा अनुभव वेगळा असू शकतो. मी शून्य दिले ते गोगलगायींपुरते.

बाटलीची गोष्ट सावकाश सांगतो, कारण सगळ्यांत जास्त आशा तिच्यावर होती. कोरल बुडवायचं हे औषध, ज्याला सगळे नुसतं डिप म्हणतात. टाकीतलंच पाणी वेगळ्या भांड्यात घ्यायचं, त्यात लेबलवर सांगितलेल्या प्रमाणात औषध मिसळायचं, कोरल दहा-पंधरा मिनिटं बुडवून हलवायचं, स्वच्छ पाण्यात धुऊन टाकीत ठेवायचं. भांड्यातलं पाणी टाकीत परत घालायचं नाही.

लेबलवर जी यादी होती त्यात गोगलगायीचंही चित्र होतं. मी आधी कोरलवर वापरलं, आणि बाटलीवर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, कोरलवर काम छान झालं. एका छोट्या फ्रॅगमधून, म्हणजे कोरलच्या कापलेल्या तुकड्यातून, भांड्याच्या तळाशी इतकं काही पडलं की मी थक्क झालो. दोन ब्रिसलवर्म, चपटे किडे, कोळंबीच्या जातीचे बारीक जीव. ज्यांचं अंग उघडं आहे त्यांना हे औषध सोडत नाही. कोरलही दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं फुललं.

मग मी ती परीक्षा घेतली जी लेबल लिहिणाऱ्याने घ्यायला हवी होती. दहा पिरॅमिडेलिड एका वाटीत काढल्या, लेबलप्रमाणे औषध घातलं आणि आयग्लास लावून बसलो. पहिल्या काही सेकंदांत दहाच्या दहा आत गेल्या आणि दार लावून घेतलं. गोगलगायीला झाकण असतं ते याचसाठी. वॉटरप्रूफ घड्याळाला बाहेरून कितीही पाणी मारा, गॅस्केट शाबूत असेल तर आत थेंब जात नाही, तसंच. पंधरा मिनिटांनी त्यांना स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवलं. तासाभरात सात जणी चालायला लागल्या. तीन उठल्या नाहीत. दुसऱ्यांदा दुप्पट वेळ ठेवून बघितलं, तेव्हा निम्म्या गेल्या. पण दुप्पट वेळात कोरलचं काय होईल ते बघायची माझी हिंमत नव्हती.

अंड्यांवर तर काहीच परिणाम नाही. अंड्यांचा गोळा तसाच्या तसा. ही तक्रार कुठल्या एका बाटलीची नाही. डिपने अंडी मरत नाहीत हे धरूनच चालावं. आणि क्लॅमला असल्या औषधात बुडवायचं नसतं. तो स्वतः पाणी गाळून जगणारा शिंपला आहे, गोगलगायीला जे बाधतं ते त्यालाही बाधेल. म्हणजे जो रोगी होता त्याच्यावर औषध चालत नाही, आणि ज्यांच्यावर चालतं त्यांना हा रोग नव्हता. तरी दोन गुण दिले, कारण नवीन कोरल आलं की बाटली आजही बाहेर निघते. गोगलगायीचं चित्र लेबलवरून काढलं तर चार देईन.

या निमित्ताने एक गोष्ट ठासून सांगतो. गोगलगायी मारायचं औषध सरळ टाकीत ओतायचा मोह होतो. तांब्याचं औषध तर सहज मिळतं आणि गोगलगायींवर ते खरंच चालतं. पण तांबं गोगलगायीला मारतं तसंच खेकड्याला, कोळंबीला, कोरलला आणि क्लॅमलाही मारतं, आणि दगडात-वाळूत मुरून राहतं. शिवाय शेकडो गोगलगायी एकदम मेल्या तर त्या सडून जो अमोनिया होईल तो माशांना पुरून उरेल. मी ओतलं नाही. एका रात्री दोन वाजता बाटली हातात धरून उभा होतो हे मात्र खरं. बायको पाणी प्यायला उठली होती. म्हणाली, "अहो, एवढ्याशा गोगलगायीसाठी सगळं घर जाळणार का?" बाटली परत कपाटात गेली.

तसाच दुसरा मोह म्हणजे दगड बाहेर काढून उकळायचा. तो तर मुळीच नको. दगडावर झोअँथिड जातीचं कोरल असेल तर त्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असू शकतं आणि उकळताना ते वाफेबरोबर हवेत जातं. असं करून घरचे लोक इस्पितळात पोचल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. खरवडतानाही हातमोजे आणि चष्मा असलेला बरा.

आता चिमटा. सत्तावीस सेंटिमीटरचा, स्टेनलेस, टोक किंचित वाकडं, मत्स्यपालनाच्या दुकानात झाडं लावायला आणि खाद्य द्यायला मिळतो तसा. हात कोपरापर्यंत न बुडवता वाळूपर्यंत पोचतो. आठ महिन्यांत गंजाचा ठिपका नाही, मात्र प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुऊन पुसतो. स्प्रिंग हवी तेवढीच मऊ. जोर लावावा लागणारा चिमटा असला की बोटं थरथरतात आणि बारीक वस्तू उडते. हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

अर्धा गुण कापला तो टोकांसाठी. दोन्ही टोकं एकमेकांवर नीट बसत नव्हती. उजेडासमोर धरून मिटलं तर केसाएवढी फट दिसायची. कोरलचा तुकडा धरायला ती फट चालते. दोन मिलिमीटरची गुळगुळीत गोगलगाय मात्र त्यातून निसटते आणि वाळूत पडली की गेली. मी बारीक कानशीने आणि तेलाच्या दगडावर घासून पाच मिनिटांत टोकं जुळवली. प्रत्येकाकडे हे सामान नसतं, म्हणून घेतानाच उजेडासमोर धरून बघा.

वापरायची पद्धत मात्र चिमट्याबरोबर मिळत नाही, ती लिहितो. पिरॅमिडेलिड दिवसा लपतात, क्लॅमच्या खाली, शिंपल्याच्या खवल्यांच्या आड. रात्री वर चढून काठाशी येतात. म्हणून दिवे बंद झाल्यावर दोन-अडीच तासांनी जायचं. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावला तर त्या बिथरत नाहीत. पांढऱ्या उजेडात सरकू लागतात. पहिल्या रात्री क्लॅमच्या काठावर मला छत्तीस मिळाल्या. पाण्यातून बघताना वस्तू असते त्याहून जवळ दिसते, त्यामुळे पहिल्या दहा वेळा चिमटा अलीकडेच मिटतो. हाताला सवय होते. डोळ्याला आयग्लास लावून काचेला नाक लावायचं नाही, श्वासाने काच धुरकटते. हे मी सांगतोय कारण मी केलं.

अंड्यांसाठी चिमटा नाही, ब्रश. लहान मुलांचा मऊ दात घासायचा ब्रश, नवा, साबण-पेस्ट न लागलेला. क्लॅम वाळूत किंवा सुट्या छोट्या दगडावर असेल तर दगडासकट उचलून वेगळ्या भांड्यात, टाकीच्याच पाण्यात घ्यायचा. दगडाला तो खालून धाग्यांनी चिकटलेला असतो. ओढून काढलात तर पायाचा लचका तुटतो आणि मग गोगलगायींची गरजच उरत नाही. मग शिंपल्याचा बाहेरचा भाग, खवल्यांच्या खालच्या खोबणी आणि खालचं धाग्यांचं भोक, सगळीकडे ब्रश फिरवायचा. मांसाला नाही. परत ठेवताना पाण्यात थोडं वाकडं करून आत हवा अडकली असेल तर जाऊ द्यायची. पहिल्यांदा हे केल्यावर भांड्याच्या तळाशी जो पांढरा चुरा जमला तो बघून बायकोने त्या भांड्यावर मार्करने "टाकी" असं लिहून ठेवलं.

टर्बो गोगलगायींचंही तेच. एकेक उचलून शंखाच्या तोंडाची कडा पुसून काढायची. यात क्लॅमपेक्षा जास्त वेळ जातो, कारण त्या तोपर्यंत दुसरीकडे निघून जातात. गोगलगायीचा पाठलाग करून दमलेला माणूस मी एकटाच नसेन.

एकदा करून भागत नाही. दहा-बारा दिवसांनी पुन्हा बारीक पांढरे कण दिसले, राहिलेल्या अंड्यांतले. म्हणून मी वहीत लिहायला लागलो: छत्तीस, मग एकोणीस, मग बावीस, मग नऊ. बावीस लिहिताना वाईट वाटलं होतं. तिथेच लक्षात आलं की रोज रात्री जागणं मला जमणार नाही आणि दिवसपाळीला कोणीतरी हवा.

म्हणून मासा. रॅस जातीतले काही मासे दिवसभर दगड-शिंपले टिपत फिरतात, आणि बारीक गोगलगायी त्यांचं आवडतं खाणं. सगळे सिक्सलाइन रॅस सुचवतात. छोटा, देखणा, चिवट. मी तो घेतला नाही, कारण मोठा झाल्यावर तो टाकीचा दादा होतो आणि नवीन माशाला जगू देत नाही अशी त्याची ख्याती आहे, आणि मला अजून मासे आणायचे होते. मी मेलान्यूरस रॅस घेतला. क्लॅमच्या शेतीतही याच्या जातभाईंना याच कामासाठी ठेवतात.

आणल्यावर पाण्यात सोडला आणि तो वाळूत शिरला. पूर्ण. दोन दिवस दिसलाच नाही. मेला असं धरून मी मनातल्या मनात दुसऱ्याचा हिशेब करत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी वाळूतून डोकं आलं, आणि दिवा पूर्ण लागायच्या आत तो कामाला लागला होता. हे मासे रोज रात्री वाळूत पुरून घेऊन झोपतात. पाच-सहा सेंटिमीटर बारीक वाळू नसेल तर आणू नका. आणि झाकण. हे उडी मारतात. आठवड्यात मारतील किंवा वर्षाने, पण मारतात. माझ्या टाकीवर जाळीचं झाकण आहे आणि एका रात्री जाळीला आतून टपकन आवाज आला, तेव्हा जाळी बसवल्याबद्दल मी स्वतःचीच पाठ थोपटली.

त्याचं काम बघण्यासारखं आहे. एका डोळ्याने शिंपल्याचा खवला तपासायचा, थांबायचं, मान वाकडी करायची, टिपायचं. थेट आमच्या दुकानातला कारागीर. पुढच्या नोंदी: चार, तीन, शून्य, एक, शून्य. रात्री मी, दिवसा तो. नुसत्या माशावर मात्र भागलं नसतं असं मला वाटतं. दिवसा गोगलगायी क्लॅमच्या बुडाखाली जिथे लपतात तिथे त्याचं तोंड पोचत नाही, आणि अंड्यांचे गोळे त्याने सोडून दिलेले मी पाहिलेत.

एक गुण कापला कारण त्याला चोर आणि संन्यासी यांतला फरक माझ्याइतकाही कळत नाही. उरलेल्या कोलोनिस्टाही त्याने टिपल्या. बारीक ब्रिसलवर्म खाल्ले, एक सुंदर पंख्याचा किडा होता तो गेला. शोभेच्या छोट्या कोळंब्या असतील तर विचार करून आणा. बारा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, लहान टाकीत कोंडू नका.

आता गोंद. ही लढाई वेगळी म्हणालो कारण शत्रूच चालत नाही. व्हर्मेटिड ही गोगलगायच, पण दगडाला कायमची चिकटलेली, वेड्यावाकड्या नळीत राहणारी. नळीच्या तोंडातून ती चिकट धाग्यांचं जाळं सोडते, पाण्यातले कण त्यात अडकले की जाळं ओढून खाते. ते जाळं शेजारच्या कोरलवर पसरलं की कोरल मिटून बसतं, वाढ खुंटते. पिल्लं आईच्या नळीतच अंड्यातून बाहेर येऊन शेजारीच घर बांधतात, म्हणून एकदा वस्ती झाली की सगळ्या दगडाला कंगोरे फुटतात. नळीची कड ब्लेडसारखी. माझ्या अंगठ्यावर खूण आहे.

यांना कुठलं जहाजही पुरतं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या 'की वेस्ट' बेटाजवळ व्हँडेनबर्ग नावाचं जुनं जहाज २००९ मध्ये मुद्दाम बुडवलं, कृत्रिम प्रवाळखडक व्हावा म्हणून. त्याच्यावर एक अनोळखी केशरी व्हर्मेटिड सापडली आणि २०१७ मध्ये तिला थायलाकोडेस व्हँडायएन्सिस असं नाव मिळालं, त्या जहाजाच्या टोपणनावावरून. ती मूळची दूर हिंद-प्रशांत महासागरातली असावी असं शास्त्रज्ञांना वाटतं. समुद्र ओलांडून जी जाते तिला माझ्या टाकीत यायला एक फ्रॅग पुष्कळ झाला.

तर कोरल कापायच्या कटरने नळी मोडायची आणि तोंडावर सुपर ग्लूचा जाडसर जेल बसवायचा. नुसती मोडली तर ती मागे सरकते आणि पुन्हा बांधते. जेलच हवा; पातळ गोंद पाण्यात तरंगून तुमच्या बोटाला आणि माशाच्या खाद्याला चिकटतो. पाण्याखाली लावला तर लगेच पांढरी साय धरतो, म्हणून दगड बाहेर काढता आला तर कोरडं करून लावावा. मी एका रविवारी साठ तोंडं बंद केली. महिन्याने मोजली तर पाच पुन्हा उघडली होती. जेलला साडेतीन देतो. कष्टाला गुण देता आले असते तर पाच.

बंबलबी नावाच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या गोगलगायी व्हर्मेटिड खातात म्हणून सहा आणल्या होत्या. एकीला नळीच्या तोंडाशी बसलेली दोनदा पाहिली. खात होती की विश्रांती घेत होती ते सांगता येत नाही. नळ्या कमी झाल्या त्या मुख्यतः मी कोरलचं पिठाळ खाद्य टाकणं बंद केलं तेव्हा. जाळ्यात पडायलाच काही नाही तर जाळं टाकून काय करणार?

क्लॅमच्या काठावर गेले सहा आठवडे वहीत शून्य आहे. टर्बो सहा उरल्या, सहाही काचेवर आहेत. एवढ्या शून्यांनंतरही रविवारी रात्री लाल टॉर्च घेऊन बसतोच.

काल एक नवीन झोअँथिडचा फ्रॅग आला. हातमोजे घातले, बाटली काढली, पंधरा मिनिटं बुडवला, तळाशी दोन किडे पडले. लेबलवरचं चित्र बघून हसू आलं. मग आयग्लास लावला. दोन देठांच्या बेचक्यात चपटी, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची, बटणासारखी एक गोगलगाय बसली होती. हेलियाकस, ही झोअँथिडच खाते. झाकण लावून आरामात होती. झाकणही कसं, स्क्रूसारखं पेचदार, निमुळतं. चिमट्याने एका झटक्यात सुटली. फ्रॅग आता वेगळ्या टबात आहे. चार आठवडे तिथेच राहील आणि दर चौथ्या दिवशी देठांची तपासणी होईल.